शरदातील काव्यमेळा आणि श्रोत्यांची परंपरा
(हीरक महोत्सवानिमित्त झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



हीरक महोत्सव म्हणजे साठ वर्षांचा ताळेबंद. किती विद्यार्थी शिकून बाहेर पडले, किती वर्ग बांधले गेले, निकाल कसे लागले, हे शाळेच्या दप्तरात नोंदलेले असते आणि अशा ग्रंथातून ते वाचकांपुढे येते. परंतु महाराष्ट्राबाहेरची मराठी शाळा आणखी एक काम करीत असते, ज्याची नोंद कोणत्याही रजिस्टरात होत नाही. ती मराठी कविता ऐकणारा समाज घडवते. कविता लिहिणारा कोठेही जन्माला येऊ शकतो; ऐकणारा मात्र घडवावा लागतो. हा ऐकणारा समाज वर्षभर विखुरलेला असतो. पाऊस सरला, आभाळ निवळले, की तो एकत्र येतो. म्हणून आजच्या विवेचनाचा विषय शरद ऋतूतील काव्यमेळा हा आहे.

मराठी माणसाचे शरदाशी असलेले नाते पंचांगापेक्षा गाण्यांनी अधिक बांधलेले आहे. विदर्भात आणि खानदेशात भाद्रपद पौर्णिमेला भुलाबाई बसते, आणि आश्विन पौर्णिमेपर्यंत मुली संध्याकाळी घरोघर जाऊन तिची गाणी म्हणतात. सूर्य हस्त नक्षत्रात जातो तेव्हा हादगा सुरू होतो. त्याचे सोळा दिवस. पहिल्या दिवशी एक गाणे, दुसऱ्या दिवशी दोन, अशी गाण्यांची संख्या रोज वाढत जाते. घटस्थापनेपासून भोंडल्याचा फेर धरला जातो. मध्यभागी पाटावर हत्ती काढलेला असतो, भोवती मुली हातात हात धरून फिरतात, आणि शेवटी झाकलेल्या डब्यातली खिरापत ओळखण्याची चढाओढ लागते. या गाण्यांचे कवी कोण, हे कोणालाही ठाऊक नाही. ती कोणत्याही परीक्षेला नसतात. तरीही सासर, माहेर, शिंके, कोनाडा, परसू हे शब्द महाराष्ट्राबाहेर वाढलेल्या मुलीच्या कानी पडतात ते बहुधा याच फेरात. तिच्या सदनिकेत शिंके नसते आणि परसूही नसते. शब्द मात्र तिच्याजवळ राहतात. लहान वयातील हा फेर म्हणजे तिचे पहिले काव्यमंडळच होय.

या मालिकेतील मुख्य रात्र म्हणजे कोजागरी. लक्ष्मी रात्री फिरते आणि कोण जागे आहे असे विचारते, अशी श्रद्धा या नावामागे आहे. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी कुटुंबांच्या दृष्टीने या रात्रीचे एक निराळे महत्त्व आहे: त्या रात्री शेजारीही जागे असतात. गुजरातेत शरदपूनमेला गरबा रंगतो आणि दूध-पौंआ चांदण्यात ठेवतात. हिंदी भाषक प्रदेशात खीर चांदण्यात ठेवण्याची रीत आहे. बंगालमध्ये याच पौर्णिमेला कोजागरी लक्ष्मीपूजा होते, मिथिलेत कोजागरा साजरा होतो, ओडिशात कुमारपौर्णिमा असते. एरवी मराठी सण परक्या गावात एकट्याने साजरा करावा लागतो. या रात्री तसे होत नाही. गच्चीवर मसाला दूध आटत असते, चंद्र वर येईपर्यंत गाणी आणि कविता चालतात, आणि शेजारच्या गच्चीवरूनही निराळ्या भाषेतील सूर ऐकू येतात.

त्यानंतर दिवाळी येते आणि तिच्याबरोबर दिवाळी अंक. या प्रथेचा उगम 1909 मध्ये 'मनोरंजन' मासिकाने काढलेल्या अंकात मानला जातो. त्याचे संपादक काशीनाथ रघुनाथ आजगावकर यांनी बंगाली भाषेच्या प्रेमातून मित्र हे आडनाव धारण केले होते. मराठी वाङ्मयाची सर्वांत मराठी वाटणारी ही चाल रुजवणारा माणूस दुसऱ्या एका भारतीय भाषेवर इतका लुब्ध होता, ही गोष्ट बृहन्महाराष्ट्रातील वाचकांनी ध्यानात ठेवण्यासारखी आहे. परगावी दिवाळी अंक एका घरापुरता कधीच नसतो. एक अंक चार-पाच घरे फिरतो, त्यातील कविता कोणीतरी पुढच्या बैठकीत वाचून दाखवतो, आणि एखादा अंक मुखपृष्ठ गमावून पुढच्या श्रावणात मूळ मालकाकडे परत येतो.

या साऱ्याच्या केंद्रस्थानी असते ती काव्यबैठक. तिचे स्वरूप गावोगाव फारसे बदलत नाही. महाराष्ट्र मंडळाचा दिवाणखाना, देवळाचा सभामंडप, कोणाची तरी गच्ची किंवा शाळेचे सभागृह. सतरंजी, एक तक्क्या, समई, आणि ध्वनिक्षेपक असलाच तर त्याच्याशी चाललेली झटापट. नवोदितांनी आधी वाचावे, ज्येष्ठांनी शेवटी, हा संकेत. कोणी वाचते, कोणी चालीवर म्हणते. बँकेत नोकरी करणारे गृहस्थ, कारखान्यातील पर्यवेक्षक, निवृत्त शिक्षिका, महाविद्यालयात जाणारी मुलगी, हे सगळे एका रांगेत बसतात. काही कविता स्वतःच्या असतात, काही आवडत्या कवींच्या. दाद देणारे पुन्हा म्हणा असे सांगतात, तेव्हा वाचणाऱ्याच्या चेहऱ्यावर जे उमटते ते वर्षभर पुरते.

कविता संपल्या की चहा येतो आणि बातम्या सुरू होतात. हा भाग कार्यक्रमपत्रिकेत छापलेला नसतो, पण त्याच्याशिवाय बैठक पुरी होत नाही. कोणाचा संग्रह निघाला, कोणाची कविता कोणत्या अंकात आली, कोणाची बदली झाली, कोणाची मुलगी पुण्याला शिकायला गेली, कोणाच्या डोळ्यांची शस्त्रक्रिया झाली, गेल्या कोजागरीला वाचणारे कोण यंदा उरले नाहीत. गेलेल्यांची एखादी कविता अशा वेळी दुसऱ्या कोणीतरी वाचावी, ही रीत अनेक ठिकाणी सहज पडलेली आहे. काव्यमंडळ हे वाङ्मयीन संस्थेआधी एकमेकांची खबर ठेवणारे कुटुंब असते.

अशा मेळ्यांनी मराठी कवितेला काय दिले, हे पाहण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. 1907 मध्ये जळगावला महाराष्ट्र कविसंमेलन भरले. डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर त्याचे अध्यक्ष होते. तेथे त्र्यंबक बापूजी ठोमरे या कोवळ्या वयाच्या कवीने कविता सादर केली आणि संमेलनाने त्याला बालकवी ही पदवी दिली. 1890 मध्ये जन्मलेला तो मुलगा तेव्हा विशीही गाठलेला नव्हता. त्याचे आयुष्य अल्प ठरले. 1918 मध्ये रेल्वे अपघातात त्याचा अंत झाला. परंतु ज्या नावाने आज प्रत्येक मराठी विद्यार्थी त्याला ओळखतो, ते नाव श्रोत्यांच्या सभेने दिलेले आहे. सभेत कोणी ऐकणारेच नसते, तर बालकवी हे नावही नसते.

पुढे 1923 मध्ये पुण्यात रविकिरण मंडळ स्थापन झाले. माधव जूलियन, यशवंत, गिरीश, श्री. बा. रानडे, मनोरमाबाई रानडे, वि. द. घाटे, नाट्यछटाकार दिवाकर, ग. त्र्यं. माडखोलकर अशी मंडळी एकत्र येत, एकमेकांच्या कविता ऐकत, त्यांवर बोलत. त्याच वर्षी 'किरण' हा त्यांचा पहिला संग्रह निघाला. या मंडळातील अनेकजण शिक्षणक्षेत्रात काम करणारे होते. वर्गात शिकवावे आणि संध्याकाळी मित्रांना कविता ऐकवावी, असा त्यांचा क्रम. त्यांनी काव्यगायनाची प्रथा लोकप्रिय केली आणि कविता सभागृहात आणली. त्यांच्यावर टीकाही झाली. केशवकुमार या नावाने आचार्य अत्रे यांनी 'झेंडूची फुले' मध्ये त्या काळच्या काव्याची मनसोक्त विडंबने केली. महाराष्ट्राने मूळ कविताही ऐकल्या आणि विडंबनेही ऐकली. ज्या काव्यमंडळाची कोणी थट्टाही करीत नाही, ते लोकांच्या कानापर्यंत पोहोचलेलेच नसते.

स्वातंत्र्योत्तर काळात विंदा करंदीकर, वसंत बापट आणि मंगेश पाडगावकर या त्रयीने गावोगाव एकत्र काव्यवाचन केले. तिघांची प्रकृती निराळी, आवाज निराळे, कविताही निराळ्या. तरी एका व्यासपीठावरून ते लहान गावांतील श्रोत्यांपुढे आपली कविता ठेवत. पाठ्यपुस्तकाबाहेर कवितेशी गाठ न पडलेल्या असंख्य श्रोत्यांना कवीचा स्वतःचा आवाज त्यामुळे ऐकायला मिळाला.

येथवरचा इतिहास महाराष्ट्रातील आहे. महाराष्ट्राबाहेरचा इतिहास याहून कमी नाही, किंबहुना काही बाबतींत अधिक बोलका आहे. भास्कर रामचंद्र तांबे यांचा जन्म 1874 मध्ये ग्वाल्हेर संस्थानातील मुंगावलीचा. त्यांचे आयुष्य मध्य भारतातील संस्थानांत गेले. ग्वाल्हेरचे राजकवी म्हणून त्यांचा गौरव झाला आणि 1941 मध्ये ग्वाल्हेरलाच त्यांचे निधन झाले. पुण्या-मुंबईच्या वाङ्मयीन वर्तुळांपासून इतक्या दूर राहिलेल्या या कवीचा पहिला संग्रह 1920 मध्ये निघाला, तो वा. गो. मायदेव यांच्या परिश्रमांमुळे. पुढे 1935 मध्ये त्यांची समग्र कविता माधव जूलियन यांनी संपादित केली. हे माधव जूलियन स्वतः बडोद्यात जन्मलेले, आणि रविकिरण मंडळातील त्यांचे स्नेही यशवंत पुढे बडोदे संस्थानचे राजकवी झाले. कवी लिहीत राहिला. त्याला जपले ते ऐकणाऱ्यांनी आणि वाचणाऱ्यांनी. केशवसुतांच्या बाबतीत हेच घडले. 1905 मध्ये हुबळीला त्यांचे निधन झाले तेव्हा त्यांच्या कवितांचे पुस्तक निघालेले नव्हते. ते पुढे हरिभाऊ आपटे यांनी काढले.

मध्य भारतातील आणखी एका घराचे उदाहरण येथे द्यावेसे आहे. गजानन माधव मुक्तिबोध आणि शरच्चंद्र मुक्तिबोध हे सख्खे भाऊ. घरची भाषा मराठी. गजानन हिंदीतील युगप्रवर्तक कवी झाले, 1943 च्या 'तार सप्तक' मध्ये त्यांच्या कविता आल्या. शरच्चंद्र मराठीतील महत्त्वाचे कवी आणि कादंबरीकार झाले. त्याच 'तार सप्तक' मधील प्रभाकर माचवे यांचीही मातृभाषा मराठीच. परप्रांतात राहिल्याने भाषा पातळ होते अशी तक्रार अनेकदा ऐकू येते. या घरांकडे पाहिले तर भाषा दुणावलेली दिसते. याच भूमीने अखिल भारतीय साहित्य संमेलनाचे यजमानपदही भूषवले. इंदूरला 1917 आणि 1935 मध्ये संमेलन भरले. 1961 च्या ग्वाल्हेर संमेलनात कुसुमावती देशपांडे अध्यक्षस्थानी होत्या, आणि त्या पदावर बसलेल्या त्या पहिल्या महिला.

आता दोन अशी उदाहरणे, ज्यांवर या व्याख्यानाचा मुख्य मुद्दा उभा आहे. पहिले उदाहरण तंजावरचे. सतराव्या शतकात व्यंकोजीराजांनी तेथे मराठी सत्ता स्थापन केली. 1855 पर्यंत ते राजघराणे टिकले. सरस्वती महाल ग्रंथालयात मराठी हस्तलिखितांचा मोठा संग्रह आजही सुरक्षित आहे, आणि मोडीतील कागदपत्रांचाही. परंतु पोथी सुरक्षित असणे आणि कविता जिवंत असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. बासनात बांधलेली रचना अभ्यासकाची वाट पाहत राहते. याउलट त्याच तमिळ प्रदेशात भजनसंप्रदायाने मराठी संतांचे अभंग आपलेसे केले. ज्यांना मराठी बोलता येत नाही, अशी मंडळीही ते अभंग आजतागायत भक्तिभावाने गातात. एकाच भूमीत, एकाच भाषेचे दोन वारसे: जो मेळ्यात गायला गेला तो लोकांच्या ओठी राहिला, आणि जो केवळ जपून ठेवला गेला तो कपाटात राहिला.

दुसरे उदाहरण संत नामदेवांचे. पंढरपूरचा हा कवी उत्तरेत फिरला आणि पंजाबातील घुमान येथे त्याचे वास्तव्य झाले, अशी परंपरा आहे. त्यांच्या नावावरील 61 पदे शिखांच्या गुरुग्रंथसाहेबात समाविष्ट आहेत. ती पदे शतकानुशतके टिकली, याचे कारण ती संगतीत बसून गायली जातात. 2015 मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन घुमानला भरले, तेव्हा महाराष्ट्रातून गेलेल्या लोकांना आपला कवी परक्या लिपीत आणि परक्या सुरांत, पण पूर्ण मानाने नांदताना दिसला. कविता घर सोडून गेली तरी तिला सभा मिळाली, तर ती अनाथ होत नाही.

श्रोतेहो, या दोन उदाहरणांच्या उजेडात आजच्या स्थितीकडे पाहावे लागेल. बृहन्महाराष्ट्रातील अनेक घरांत मुले मराठी समजतात, थोडी बोलतात, पण देवनागरी सफाईने वाचू शकत नाहीत. आजीचा निरोप त्यांच्या मोबाइलवर रोमन अक्षरांत येतो. मराठी माध्यमाच्या वर्गात मुलांना घालण्यापूर्वी पालक दहादा विचार करतात. त्यांच्या काळजीला कारणे आहेत. नोकरी, बदली, उच्च शिक्षण, स्थानिक भाषा या साऱ्यांचा हिशेब त्यांनाच मांडावा लागतो. त्यांना दोष देऊन भाषेचे काही भले होणार नाही. परंतु एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. काव्यबैठकीत आज पुढच्या रांगेत पांढऱ्या केसांची मंडळी बसलेली दिसतात. त्यांच्यामागची रांग रिकामी राहिली, तर वीस वर्षांनी कवी असेल, संग्रह असेल, छायाचित्रही असेल, आणि ऐकणारे कोणी नसेल. पोथी राहील आणि मेळा मोडलेला असेल.

ही रिकामी रांग भरण्याचे सामर्थ्य ज्या संस्थेत आहे ती शाळा होय. मंडळात येणारे लोक शाळेतूनच येतात. यासाठी मोठा निधी लागत नाही. दरवर्षीची एक रात्र कायमची ठरवावी, आणि ती कोजागरीच असावी, म्हणजे निमंत्रण पाठवले नाही तरी लोक येतील. त्या सभेचा प्रारंभ विद्यार्थ्याने करावा. त्याने कविता कागदावरून किंवा मोबाइलवरून न वाचता पाठ म्हणावी, कारण पाठ केलेली कविता त्याच्याबरोबर प्रत्येक बदलीच्या गावी जाईल. प्रत्येकाने दोनच कविता सादर कराव्यात; लांबलेल्या बैठकीने जितके श्रोते गमावले आहेत तितके परभाषेनेही गमावले नसतील. शेजारच्या भाषेतील एक कविता आणि तिचा मराठी अनुवाद प्रत्येक वेळी ऐकवला जावा. ज्या गावाने आसरा दिला त्या गावाची भाषा ऐकल्याशिवाय आपली ऐकवण्याचा अधिकार पुरा मिळत नाही.

आणखी एक साधी गोष्ट. प्रत्येक मेळ्याची एक वही असावी. कोणत्या वर्षी कोणी काय वाचले, कोणी प्रथमच वाचले, कोणाची आठवण काढली गेली, हे तिच्यात दोन ओळींत लिहावे. ती वही शाळेच्या ग्रंथालयात ठेवावी. ज्येष्ठांचे आवाज ध्वनिमुद्रित करून ठेवावेत; विशेषतः ज्या आजींना हादग्याची सोळाही गाणी येतात, त्यांच्यापासून सुरुवात करावी. दिवाळी अंकांची एक पेटी शाळेत असावी आणि ती माजी विद्यार्थ्यांच्या घरोघर फिरावी. चहाबरोबरच्या बातम्यांनाही पत्रिकेत हक्काची पंधरा मिनिटे द्यावीत, म्हणजे दूर गेलेल्या माजी विद्यार्थ्याला पत्राने किंवा ध्वनिफितीने का होईना, हजेरी लावता येईल.

पालकांना एक विनंती निराळी. मुलाला व्यासपीठावर उभे करण्याची घाई असते. त्याला श्रोत्यांत बसवण्याची घाई कोणाला नसते. वास्तविक ऐकणे हीच आधी शिकण्याची कला आहे. कोठे थांबावे, कोठे दाद द्यावी, कोठे काही न बोलता बसून राहावे, हे मूल मोठ्या माणसांच्या शेजारी बसूनच शिकते. अर्थ न कळलेली कविताही कानात राहते, आणि पुष्कळ वर्षांनी, दुसऱ्याच गावी, एखाद्या प्रसंगी तिचा अर्थ उलगडतो. स्पर्धेत पहिले आलेले सगळेच पुढे कवितेकडे वळत नाहीत. आईच्या मांडीवर पेंगत कविता ऐकलेले मूल मात्र मोठेपणी सभेची वाट सहसा विसरत नाही.

या शाळेने साठ वर्षे अक्षरे शिकवली. त्या अक्षरांना कान मिळवून देण्याचे काम आता माजी विद्यार्थ्यांकडे आणि पालकांकडे आले आहे. येत्या आश्विनात पौर्णिमेची रात्र येईल. त्या रात्री सभागृहाचे दार उघडे ठेवावे, सतरंजी पसरावी, दूध आटवायला ठेवावे आणि पहिली रांग मुलांसाठी राखावी. पुढच्या साठ वर्षांची तयारी याहून वेगळी नाही.